जपानी विमानवाहू जहाजांवर लिहिताय? मग या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की मिडवे (प्रशांत महासागरातली अमेरिका आणि जपान यांच्यातली समुद्री लढाई) येतंच आणि मिडवे आलं की तीच गोष्ट परत सांगितली जाते, 4 जून 1942 ला जपानी जहाजांचे डेक (विमानं उडायची-उतरायची वरची धावपट्टी) विमानांनी खचाखच भरले होते, पाच मिनिटं अजून मिळाली असती तर ती उडाली असती वगैरे. हे कृपया लिहू नका. अमेरिकन डाइव्ह बॉम्बर आले तेव्हा हल्ल्याची बहुतेक विमानं खाली हँगरमध्ये, म्हणजे डेकखालच्या विमानं ठेवायच्या दालनातच होती, डेकवर मुख्यतः पहाऱ्याची फायटर चढउतार करत होती. जपानी हँगर चारही बाजूंनी बंद असायचे, त्यामुळे इंजिनं खाली गरम करता येत नसत, विमानं लिफ्टने वर आणा, ओळीत लावा, मग इंजिन तापवा, यात पाऊणएक तास सहज जायचा. पाच मिनिटांत काही होणार नव्हतं.

दुसरी चूक म्हणजे नुसते बॉम्ब मोजत बसणं. मिडवेला अकागी या जपानी विमानवाहू जहाजाला थेट बसलेला बॉम्ब एकच, पण तो मधल्या लिफ्टच्या कडेला घुसून वरच्या हँगरमध्ये फुटला, आणि तिथे टाक्या भरलेली विमानं आणि टॉर्पेडो होते, शिवाय विमानांवरून आधी काढलेले बॉम्ब खाली कोठारात न पाठवता तसेच बाजूला ठेवलेले. बंद हँगरमुळे स्फोटाचा जोर बाहेर जायला वाटच नाही. अमेरिकन जहाजांचे हँगर बाजूने उघडे, पेटलेली वस्तू सरळ समुद्रात ढकलता यायची. हा फरक न सांगता "नशीब फिरलं" असं लिहिणं मला तरी पटत नाही.

तैहो या विमानवाहू जहाजाबद्दल तर फारच चुकीचं लिहिलं जातं. डेकला जाड चिलखत होतं म्हणजे जहाज अभेद्य, असं समजू नका. मार्च 1944 मध्ये नौदलात आलेलं हे जहाज 19 जूनला फिलिपाइन्सच्या समुद्रात आल्बाकोर या अमेरिकन पाणबुडीच्या एकाच टॉर्पेडोने घायाळ झालं. चिलखत वर, टॉर्पेडो लागला पाण्याखाली. तरी जहाज वेगात चालत होतं, पण विमानांच्या पेट्रोलच्या टाक्या गळायला लागल्या, पुढची लिफ्ट अडकली, आणि पेट्रोलची वाफ बाहेर काढायची म्हणून हवा खेळवणारी यंत्रणा पूर्ण चालू केली तर तीच वाफ जहाजभर पसरली. टॉर्पेडो सकाळी आठच्या सुमारास लागला, मोठा स्फोट दुपारी अडीचला झाला. मधले सहा तास नीट वाचा, ते जहाज का बुडालं ते तिथेच कळतं.

शिनानोचं पण तसंच, यामातो वर्गाच्या युद्धनौकेच्या सांगाड्यावर बांधलेलं अवाढव्य जहाज, नौदलात आल्यावर 10 दिवसांत 29 नोव्हेंबर 1944 ला बुडालं. चार टॉर्पेडो लागले हे खरं, पण पाणी अडवणारी बरीच दारं बसवलेलीच नव्हती आणि खलाशी नवखे होते, हे सोडून देऊ नका.

मॉडेल बनवणाऱ्यांसाठी, पर्ल हार्बरच्या वेळची अकागी तीन डेकची दाखवू नका, ती 1930 च्या दशकातच बदलून एका लांब डेकची केली होती. आणि अकागी व हिर्यू या दोघींचा मनोरा डाव्या बाजूला होता, उजवीकडे चिकटवलात तर सगळी मेहनत वाया.

आपल्याकडच्यांची एक खास चूक आहे. एप्रिल 1942 मध्ये हिंदी महासागरात पर्ल हार्बरवाली सहाही जहाजं आली होती असं सर्रास लिहितात. आली पाच, कागा दुरुस्तीसाठी जपानला परतली होती. श्रीलंकेतल्या कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ला या पाचांच्या विमानांनी केला, ब्रिटिशांची विमानवाहू हर्मीस 9 तारखेला त्यांनीच बुडवली. पण 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले ते यांचे नव्हते, बंगालच्या उपसागरात वेगळ्या ताफ्यातून फिरणाऱ्या र्यूजो या छोट्या विमानवाहू जहाजाच्या विमानांनी ते टाकले होते.