पेठेपुरता वायफाय नकाशा स्वतः तयार करताना

शहराचा तयार नकाशा रस्ता शोधायला पुरतो. परंतु सदाशिव पेठेतल्या एखाद्या बोळात कोणते वायफाय कुठवर पोहोचते हे मांडायचे असेल, तर तो बोळ, त्याच्या दोन्ही अंगांच्या इमारती आणि वाड्यांमधली मोकळी जागा नकाशात असावी लागते, आणि नेमके हेच तपशील तयार नकाशात बहुधा अपुरे असतात. क्यूजीआयएस ही नकाशे तयार करण्याची मोफत संगणकप्रणाली आणि एक अँड्रॉइड फोन एवढ्या साधनांवर असा नकाशा घरी करता येतो. आयफोन मात्र उपयोगाचा नाही, कारण त्यावरील ॲपला आसपासच्या नेटवर्कची यादी वाचू दिली जात नाही.

प्रथम पायाचा थर तयार करावा. क्यूजीआयएसमधील क्विकओएसएम या प्लगइनने (जोड-साधनाने) ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशावरील आपल्या भागाचे रस्ते व इमारती उतरवून घ्याव्यात आणि राहिलेले बोळ स्वतः चालून त्यात काढावेत. सोसायटीचा छापील आराखडा हाती असेल, तर तो स्कॅन करून क्यूजीआयएसमधल्या जिओरेफरन्सर या साधनाने नकाशावर बसवता येतो. त्यासाठी किमान ३ ओळखीचे बिंदू लागतात, पण कोपऱ्यांपर्यंत पसरलेले ५-६ बिंदू घेतल्यास कुठे चूक होते आहे तेही कळते. प्रकल्पाची निर्देशांक पद्धत (जागा आकड्यांत मांडण्याची रीत) ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाची ठेवावी. पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.६ किलोमीटरचा आणि अक्षांशाचा सुमारे ११०.७ किलोमीटरचा असल्याने, अंशांत मोजलेली अंतरे फसवी ठरतात. या पद्धतीत ती थेट मीटरमध्ये मिळतात.

कोणते नेटवर्क कुठे किती जोराने मिळते याच्या नोंदी घेण्यासाठी वायगल हे ॲप पुरेसे आहे. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा वायफाय शोधता येते, म्हणजे साध्या चालीने जाताना दोन नोंदींमध्ये पस्तीस-चाळीस मीटर अंतर पडते आणि छोटा बोळ त्यात सबंध निसटतो. अँड्रॉइड १० व त्यापुढील फोनमध्ये डेव्हलपर पर्यायांतून ही मर्यादा बंद करता येते. ती बंद करूनच निघावे. (फोनकडे पाहत त्याच बोळातून पुन्हापुन्हा जाणाऱ्याला पेठेत ‘कोण पाहिजे?’ असे विचारले जातेच, तेव्हा शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली बरी.)

ॲपमधून मिळालेली सीएसव्ही फाइल (नोंदींचा साधा तक्ता) क्यूजीआयएसमध्ये आणताना पहिली ओळ वगळण्यास सांगावे, कारण त्या ओळीत स्तंभांची नावे नसून ॲपची व फोनची माहिती असते. एक्सच्या जागी रेखांश व वायच्या जागी अक्षांश निवडावा आणि या थराची पद्धत ईपीएसजी ४३२६ अशी द्यावी, कारण फोनच्या नोंदी अंशांत असतात. फाइलमध्ये ब्लूटूथ आणि मोबाइल मनोऱ्यांच्याही नोंदी असतात; त्या गाळाव्यात. उंच इमारतींमधल्या अरुंद गल्लीत जीपीएस भरकटते, म्हणून अचूकतेच्या स्तंभात १५ मीटरपेक्षा मोठा आकडा असलेल्या नोंदीही सोडून द्याव्यात.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्येक ठिपका सिग्नल कुठे ऐकू आला ते दाखवतो, राउटर कुठे आहे ते नव्हे. राउटरच्या जागेचा अंदाज हवा असल्यास सिग्नलच्या आकड्यात (तो उणे असतो; शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार) १०० मिळवून नवा स्तंभ करावा, म्हणजे उणे ५० चे ५० आणि उणे ९० चे १० होतात. मग ‘मीन कोऑर्डिनेट्स’ या साधनात तो स्तंभ वजन म्हणून आणि मॅक पत्ता (प्रत्येक राउटरचा स्वतंत्र ओळखक्रमांक) ओळख म्हणून द्यावा. मात्र हा सरासरी बिंदू आपण चाललेल्या वाटेकडेच झुकतो. इमारतीच्या एकाच बाजूने फिरल्यास राउटर रस्त्याच्या मधोमध असल्याचे दिसेल, त्यामुळे निदान दोन बाजूंनी फेरी झाल्याशिवाय त्या बिंदूवर विश्वास ठेवू नये.

रंगांसाठी तीन गट पुरतात: उणे ६० पेक्षा जोरदार, उणे ६० ते उणे ७५ आणि त्याहून क्षीण. तयार नकाशा एमबीटाइल्स स्वरूपात काढल्यास तो इंटरनेटशिवाय फोनवर उघडतो. तो इतरांना देताना ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश ठेवावा, मॅक पत्ते आणि घरगुती नेटवर्कची नावे काढून टाकावीत आणि नावाच्या शेवटी ‘_नोमॅप’ (रोमन लिपीत) लावलेली नेटवर्के नकाशात घेऊच नयेत, कारण नोंद नको असल्याचे त्यांच्या मालकांनी त्यातून सांगितलेले असते.