डिझायनरला कोड किती यावा? एक फॉर्म बांधण्याइतका

इंटरॅक्शन डिझायनरला, म्हणजे ॲप किंवा साइट वापरताना काय कसं घडेल हे ठरवणाऱ्याला, कोड समजावा आणि थोडा लिहिताही यावा. थोडा म्हणजे एक चालता फॉर्म स्वतः उभा करण्याइतका. सर्व्हर, डेटाबेस, फ्रेमवर्क नंतर बघू. फिग्मा या डिझाइनच्या साधनातली फ्रेम, म्हणजे काढलेली स्क्रीन, एका क्षणाचं चित्र असते. नेट गेलं, बटण दोनदा दाबलं गेलं, तर काय होतं हे ब्राउझरमध्येच कळतं.

मोबाइल नंबर आणि ओटीपीचा फॉर्म घ्या. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा लिहायच्या भाषेत, लेबल, इनपुट, बटन हेच टॅग वापरा. डिव्हला (नुसत्या चौकटीच्या टॅगला) रंग देऊन बटण केलं तर दिसतं तसंच, पण टॅब की तिथे पोचत नाही आणि एंटरने काही घडत नाही. इनपुटचा प्रकार ‘नंबर’ नको, त्यात वजाचं चिन्हही चालतं. ‘टेल’ ठेवा, अंकांचा कीपॅड येतो. अक्षर 16 पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवरचं सफारी इनपुटला बोट लागताच पान झूम करतं.

मराठी मजकुराला जास्त वेळ द्या, कारण खरी मोडतोड इथेच होते. पानाची भाषा ‘एमआर’ (mr, मराठीचा कोड) लिहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) 1.5 ते 1.6 द्या. 1.2 ठेवून ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर जाणारा भाग) लपवला, तर वरची वेलांटी-रफार आणि खालचा उकार कापला जाऊ शकतो. बटणाला ठरावीक रुंदी देऊ नका, पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) द्या; ‘सबमिट’च्या जागी ‘अर्ज दाखल करा’ आलं तरी मावलं पाहिजे.

मग थोडी जावास्क्रिप्ट. बटण दाबताच ते बंद करा आणि त्यावर ‘पाठवत आहोत’ दाखवा. उत्तर येवो वा न येवो, बटण पुन्हा सुरू करा. हे दुसरं पाऊल विसरलं की नेट गेल्यावर बटण तसंच अडकून राहतं. चूक दाखवताना भरलेला नंबर पुसू नका.

आता क्रोममध्ये एफ12 दाबून डेव्हलपर टूल्स उघडा. नेटवर्क ऑफलाइन करून फॉर्म पाठवा, रुंदी 320 पिक्सेल करा, माउस बाजूला ठेवून फक्त टॅबने फिरा. फोकसची चौकट (टॅब कुठे आहे ते दाखवणारी) दिसत नसेल तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, कुणीतरी आउटलाइन काढलेली असते. ती परत आणा. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडवर किमान 48 डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) हवी.

डेव्हलपरला देताना फिग्माच्या लिंकसोबत या फॉर्मची फाइलही द्या. हा कोड जसाच्या तसा प्रॉडक्शनमध्ये (लोक वापरतात त्या खऱ्या साइटवर) घालायचा नाही, हे त्यात वरतीच लिहा.