एचआयव्हीच्या लपलेल्या साठ्यावर काम करायचंय? आधी रक्त सांभाळायला शिका

जळगाव-धुळ्याकडून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून एचआयव्ही क्युअरच्या संशोधनात येऊ पाहणारी मुलं बहुधा क्रिस्पर (जनुकं कापण्याचं तंत्र) वाचून येतात. सुरुवातीचे महिने मात्र रक्ताच्या नळ्यांतच जातात.

एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) नीट चालू असली की रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा होतो, पण विश्रांत मेमरी सीडी४ पेशींच्या (झोपलेल्या रोगप्रतिकारक पेशींच्या) डीएनएत तो बसून राहतो. १९९७ मध्ये उघड झालेला हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्यातला जागा होऊन पुन्हा पसरू शकणारा विषाणू दहा लाख विश्रांत पेशींत जेमतेम एखादीत सापडतो. त्यामुळे पेशी वाया गेल्या की उत्तरही गेलं.

रक्त ईडीटीए नळीत घ्या. दुसऱ्या नळ्यांतलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी चाचणी, अडवतं. नमुना १८ ते २५ अंशांत राहावा आणि २४ तासांच्या आत, जमलं तर त्याच दिवशी, पेशी वेगळ्या व्हाव्यात. वैशाखात इकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा डबा ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पुण्याला धाडू नका. घाबरून बर्फही भरू नका. गारठलेल्या रक्तातले ग्रॅन्युलोसाइट (नको असलेल्या पांढऱ्या पेशी) खाली न बसता आपल्याला हव्या त्या पेशींच्या थरात घुसतात. २२ अंशांचे जेल पॅक आणि तापमान नोंदवणारा लॉगर घाला.

रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारांचं द्रावण) मिसळून, नळी तिरकी धरून फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) हळूच सोडा. सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतात आणि सगळी मेहनत पाण्यात. मधला पांढुरका पट्टा उचला; मिलीलिटर रक्तामागे साधारण १० ते २० लाख पेशी मिळायला हव्यात.

पुढचा खड्डा मोजणीचा. शाबूत प्रोव्हायरस (पेशीच्या डीएनएत बसलेला अख्खा विषाणू) मोजणारी आयपीडीए चाचणी (२०१९) विषाणूच्या सबटाइप बी या प्रकारावर बेतलेली, आणि आपल्याकडे बहुतांश सबटाइप सी. प्राइमर-प्रोब (विषाणूचा डीएनए ओळखणारे छोटे तुकडे) न बदलता वापरली तर विषाणू असूनही शून्य येऊ शकतं. क्युअरच्या कामात असल्या खोट्या शून्याइतकं घातक काही नाही. डीएनए व्होर्टेक्सही करू नका, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळू नका. मधेच तुटलेला शाबूत प्रोव्हायरस सदोष म्हणून मोजला जातो. डीएनए किती तुटला ते माणसाच्याच आरपीपी३० जनुकावरून काढून आकडा दुरुस्त करतात.

नेट-जेआरएफ काढलंत तर पुण्यात भोसरीची एड्स संशोधन संस्था, पूर्वीची 'नारी', जवळची. कुठेही गेलात तरी २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमती आणि गोपनीयता पाळायचीच. नळीवर नाव नाही, कोड.

एआरटी केंद्रात कुणीतरी विचारेलच, "भाऊ, यानं माझा आजार जाईन का?" सरळ 'नाही' म्हणा. बर्लिनचा रुग्ण बरा झाला तो ब्लड कॅन्सरसाठी केलेल्या स्टेमसेल प्रत्यारोपणामुळे, आणि दात्याच्या पेशींत विषाणूला आत शिरायला लागणारं सीसीआर५ चं दारच नव्हतं. गोळी थांबवली तर बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू परततो, हेही तिथेच सांगा.