गेटचं वेल्डिंग गाडीला चालत नाही: या चुका टाळा

गेट, ग्रिल, जिना यांचं वेल्डिंग चांगलं करणारा माणूस गाडीवरही चांगलंच करेल, असं बहुतेकांना वाटतं. गेट जागेवर उभं असतं. गाडी मात्र पिळवटते. खडकाळ वाटेवर एक चाक वर आणि तिरपं समोरचं खाली असतं तेव्हा चासीच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या दिशेने वाकतात, आणि असं हजारो वेळा होतं. त्यामुळे गाडीत जोड सहसा मधोमध तुटत नाही. तुटतो तो जोडाला लागून असलेला पत्रा. म्हणूनच "माझं वेल्डिंग अजून शाबूत आहे, बाजूचं लोखंडच फाटलं" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला हसावं की चिडावं कळत नाही. बाजूचं लोखंड तुमच्याच वेल्डिंगमुळे फाटलंय, महाराज.

चासीवर चौकोनी ठिगळ

ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर जरा लांबण लावतो.

एक पिकअप आली होती. मागे छोटी क्रेन बसवलेली, आणि केबिनच्या मागे चासीला तडा. कुणीतरी तड्यावर वरूनच वेल्डिंग फिरवलं होतं आणि त्यावर चांगली जाड चौकोनी प्लेट ठेवून चारही बाजूंनी गच्च बीड (वेल्डिंगची ओळ) मारली होती. काम दिसायला सुरेख होतं, बीडचे खवले अगदी एकसारखे. पण प्लेटच्या उभ्या कडेला लागून, वरच्या फ्लँजपासून (चासीच्या आडव्या कडेपासून) खाली येणारा नवा तडा पडला होता. मालकाचं म्हणणं एकच, "याहून जाड प्लेट मारा."

असं का होतं? चासी चॅनेलची, म्हणजे C आकाराची असते. ती वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या फ्लँजवर येतो. उभ्या पत्र्याच्या मध्यावर जवळजवळ काहीच येत नाही. फ्लँजवर आडवी बीड मारली की जिथे ताण सर्वांत जास्त तिथेच उष्णतेने बदललेला पट्टा आणि एक खाच तयार होते. त्यात प्लेट जाड असली की तेवढा भाग वाकायचाच थांबतो, आणि सगळं वाकणं प्लेट संपते त्या एका रेषेवर येऊन पडतं. प्लेट जितकी जाड, तितका पुढचा तडा लवकर.

माझी पद्धत अशी. आधी डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून तडा नेमका कुठे संपतो ते शोधायचं, कारण डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढे तो बहुधा गेलेला असतो. टोकाला पाच-सहा मिलिमीटरचं भोक. मग तडा व्ही आकारात खोलवर घासून पूर्ण पेनिट्रेशनने, म्हणजे आरपार वितळवून, भरायचा आणि फ्लँजवरचा भाग सपाट घासायचा. घासताना ग्राइंडरचे ओरखडे चासीच्या लांबीच्या दिशेने यायला हवेत, आडवे नाहीत. वरची पट्टी चासीच्याच जाडीची किंवा किंचित पातळ, दोन्ही टोकं माशाच्या शेपटीसारखी निमुळती. बीड फक्त लांबीच्या दिशेने आणि मध्ये भोकं पाडून प्लग वेल्ड (ती भोकं भरून केलेला जोड). टोकं मोकळी.

हे सगळं करूनही अर्धंच काम झालं असतं, कारण मूळ रोग वेगळा होता. क्रेनच्या सबफ्रेमचं (क्रेनखालच्या चौकटीचं) पुढचं टोक काटकोनात कापलेलं होतं आणि ते नेमकं त्याच जागी चासीत रुतत होतं. ते टोक निमुळतं करून घेतलं, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. तडा का पडला हे न विचारता जो रॉड पेटवतो, त्याच्याकडे तीच गाडी पुन्हा येते. काहींना तो धंदा वाटतो.

आणि हो, अवजड वाहनांच्या काही चासी हीट-ट्रीटेड (उष्णता देऊन मजबूत केलेल्या) असतात. त्यांना उष्णता दिली की मुळातली ताकदच जाते. चासीवर "वेल्डिंग करू नका" असा स्टिकर असेल तर तो शोभेचा नाही.

छोटं मशीन, जाड ब्रॅकेट

नवशिक्यांचा पहिला प्रश्न कायम "मशीन कुठलं घेऊ?" असतो. "तुकड्यावर किती सराव करू?" असं अजून कुणी विचारलेलं नाही. मग ०.८ मिलिमीटर वायरचं छोटं मिग मशीन (आपोआप सरकणाऱ्या वायरने जोडणारं) येतं, त्याने सहा मिलिमीटर जाडीचं शॉक अॅब्सॉर्बरचं ब्रॅकेट लावलं जातं, आणि बीड लोखंडात न शिरता त्याच्यावर नुसती बसून राहते. फोटो झकास येतो. त्याच जाडीचे दोन तुकडे आधी जोडा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्याने जोड उघडेपर्यंत वाकवा. आतून कडा चकचकीत, न वितळलेली दिसली तर ते मशीन या कामाचं नाही, किंवा सेटिंग चुकलंय. तुकडा वाकवायचा कंटाळा असेल तर बंपरवर फुलदाणीचा स्टँड जोडा, सस्पेन्शनला हात लावू नका.

स्टिक वेल्डिंगवाल्यांसाठी: ६०१३ नंबरचा रॉड सहज चालतो, स्लॅग (बीडवरची कडक खपली) पटकन निघतो, म्हणून सगळीकडे तोच. गाडीच्या भार घेणाऱ्या जोडाला मी ७०१८ नंबरचा रॉड वापरतो. पण उघड्या पाकिटातला, आठवडाभर फळीवर पडलेला ७०१८ म्हणजे फसवणूक. तो दमट हवेतला ओलावा घेतो, त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि तडा कधीकधी काम संपल्यावर एक-दोन दिवसांनी पडतो. रॉड ओव्हनमध्ये, १२० ते १५० अंश सेल्सिअसला ठेवा. ओव्हन नसेल तर लहान सीलबंद पाकिटं घ्या आणि उघडलं ते त्याच दिवशी संपवा.

अर्थ क्लँप कुठेही चिकटवणं

बंपरला वेल्डिंग आणि अर्थ क्लँप (करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा) मागच्या एक्सलला, असं पाहिलं की माझा पारा चढतो. करंट वाट शोधत बेअरिंगमधून जातो, तिथे बारीक ठिणग्या पडतात आणि रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) खड्डे होतात. महिनाभराने चाक घोंगावायला लागतं, तेव्हा वेल्डिंगची आठवण कुणालाच नसते. क्लँप जोडाच्या शेजारी, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, निगेटिव्ह आधी. ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) जवळ असेल तर त्याचा कनेक्टरही.

एकेका ओळीची प्रकरणं

बीडमध्ये भोकं पडतायत म्हणून मिगचा संरक्षक गॅस वाढवू नका. प्रवाह जास्त झाला की तो गरगरतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. आधी रंग, गंज, वारा आणि नोझलमध्ये अडकलेले छर्रे बघा.

गॅल्व्हनाइज्ड पाइप दोन्ही बाजूंनी घासल्याशिवाय जोडू नका. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो.

क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्डिंग कधीच नाही. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पुसायला अॅसिटोन वापरा, आणि तोही पूर्ण उडून गेल्यावरच आर्क पेटवा.

सस्पेन्शनच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) आर्कचा एक साधा टिपकाही पडू देऊ नका. पाटा तिथूनच तुटतो. ओलं गोणपाट टाकून झाका.

हाय-टेन्साइल बोल्ट, स्टिअरिंगचे भाग, इंधनाची टाकी: नाही, नाही आणि नाही.

ओढायचा हुक आणि केज

ओढण्यासाठी टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर अडकवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, लांब जाऊन उभा राहतो. ताणलेल्या दोरासकट तुटलेला गोळा कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. बंपरच्या तोंडावर नुसता कान (दोर अडकवायची भोकाची पट्टी) चिकटवणंही तितकंच वाईट, कारण ओढताना जोड सोलला जातो. बंपरला खाच पाडून कान आरपार न्या, पुढून-मागून दोन्हीकडे वेल्ड करा, आणि बंपर चासीला बोल्टनेच बसवा.

रोल केजमध्ये (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्यात) पाण्याचा पाइप वापरणाऱ्यांनी एफआयएचे, म्हणजे मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेचे, नियम एकदा वाचावेत. मुख्य हूपला (सीटमागच्या कमानीला) कोल्ड-ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेला, बिनजोडाचा) पाइप, व्यास गुणिले जाडी ४५ गुणिले २.५ किंवा ५० गुणिले २ मिलिमीटर. पायाखालची प्लेट किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची. हे आकडे स्पर्धेच्या गाड्यांसाठी आहेत, पण डोकं सगळ्यांचं सारखंच असतं. छताला लागून असलेल्या जोडाची वरची बाजू पोहोचत नाही म्हणून सोडून देणं हा केजमधला सर्वांत मोठा आळस. पायांखाली फ्लोअरला भोकं पाडा, केज खाली सोडा, वरून जोड पूर्ण करा, परत उचला आणि मग प्लेट बसवा. दिवस जास्त जातो, जाऊ द्या. आणि केजचे जोड ग्राइंडरने गुळगुळीत करू नका. जे घासून काढता, त्याच धातूवर भार असतो.

शेवटी रंग. चासीच्या दुरुस्तीवर मी काळा रंग लगेच मारत नाही, फिकट राखाडी प्रायमर मारतो. भरपूर भार टाकून खराब रस्त्यावर गाडी फिरवून आणायची, धुवायची आणि टॉर्च घेऊन खाली शिरायचं. नवा तडा असेल तर त्या प्रायमरवर गंजाची केसाएवढी रेघ उमटते. काळ्यावर ती दिसत नाही.