कार सीटमध्ये लहान मुलाला कसे बसवावे
14 वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा बालआसनाशिवाय गाडीतून नेल्यास मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार 1,000 रुपये दंड आहे. तरीही आपल्याकडे मूल आईच्या मांडीवरच बसते, आणि धडकेच्या क्षणी कोणाचेही हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. आसन मागच्या सीटवर इतके घट्ट बसवावे की, पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवल्यास ते 2.5 सेंटिमीटरहून अधिक सरकणार नाही. किमान 15 महिन्यांपर्यंत, आणि आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत शक्यतो त्यापुढेही, मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावे. जाड स्वेटर काढूनच पट्टे आवळावेत (महाबळेश्वरच्या थंडीत पांघरूण वरून घालता येते). खांद्याजवळ पट्टा चिमटीत पकडता आला, तर तो अजून सैल आहे.