प्रभागातील सूचना कशी लिहावी

नगरसेवकाने रहिवाशांना एखाद्या कार्यक्रमाची किंवा सेवेची माहिती कळवताना पहिल्याच ओळीत दिवस, वेळ, ठिकाण आणि सोबत आणायची कागदपत्रे द्यावीत. स्वागताचे शब्द व छायाचित्रे नंतर आली तरी चालतात. ‘पाणीपुरवठा काही काळ खंडित राहील’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘मंगळवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी येणार नाही, सोमवारी रात्रीच भरून ठेवावे’ असे लिहिले, तर घाईत वाचणाऱ्यालाही नेमके काय करायचे ते कळते. तक्रारीसाठी संबंधित विभागाचा क्रमांक द्यावा. कार्यक्रम रद्द झाल्यास नवी सूचना काढून न थांबता जुन्या सूचनेवरही ठळक अक्षरांत ‘रद्द’ लिहावे, आणि नेमके हेच हमखास राहून जाते.