पॉलिहाउसचा कागद बदलताना काय काय बघायचं

आमच्याकडे मावळात जरबेऱ्याचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस आहे, आतापर्यंत दोनदा कागद (म्हणजे वर ताणलेलं प्लास्टिक) बदललाय आणि पहिल्यांदा केलेली चूक चांगलीच महागात पडली म्हणून सविस्तर लिहितोय.

२०० मायक्रॉन जाडीचा, उन्हापासून बचावासाठी यूव्ही संरक्षण असलेला कागद साधारण तीन वर्षं काढतो. नंतर तो पिवळट पडतो, उजेड कमी होतो, दांडे लेचेपेचे यायला लागतात. तेवढं दिसलं की फाटायची वाट बघू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये काम उरकून टाका, एकदा वळीव सुरू झाला की दुपारनंतर कधी वारा सुटेल सांगता येत नाही आणि अर्धवट ओढलेला कागद म्हणजे शिडाची होडीच.

माप जमिनीवरून घेऊ नका. कमानीवरून टेप टाकून या गटरच्या प्रोफाइलपासून (कागद अडकवायची खाच असलेली पट्टी) त्या गटरच्या प्रोफाइलपर्यंत मोजा आणि दोन्ही बाजूला फूटभर जास्त धरा. कागद किलोवर मिळतो, त्यामुळे वजनावरून जाडी कळते. २०० मायक्रॉनचा एक चौरस मीटर साधारण १८४ ग्रॅम भरतो, म्हणजे ९ मीटर रुंद आणि ४० मीटर लांब रोल ६६ किलोच्या आसपास यायला हवा. ५५ भरला तर कागद पातळ आहे, परत करा. आम्हाला एका दुकानदाराने असाच पातळ दिला होता, काट्यावर ठेवला तेव्हा कळलं.

जुना कागद काढताना, प्रोफाइलमध्ये कागद दाबून धरणारी नागमोडी तारेची स्प्रिंग पक्कडीने ओढून तोडू नका, एका टोकापासून अलगद सोडवत जा. जिचं प्लास्टिकचं कोटिंग निघालंय ती परत वापरायची नाही, उघडी तार नव्या कागदाला कापते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच घाईत राहून जातं. कागद निघाला की प्रत्येक कमानीवरून, जिथे हात पोचेल तिथे, हात फिरवत जा. वेल्डिंगचा खडा, स्क्रूचं डोकं, गंजाचा पापुद्रा, जे हाताला टोचेल ते कागदाला फाडणार. कानस मारा, जुन्याच कागदाच्या पट्ट्या गुंडाळा, आणि कागद टेकतो त्या पाइपला वरून पांढरा रंग द्या कारण तापलेल्या पाइपावरच कागद आधी जळतो. छत उघडं आहे तोवर गटरचे जॉइंटही सिलिकॉनने भरून घ्या. आत झाडांवर शेडनेट ओढून ठेवा.

ओढायचं काम उजाडता उजाडता, वारा पडलेला असताना. सात-आठ माणसं लागतातच. कागदावर आतली-बाहेरची बाजू छापलेली असते ती आधी वाचा, उलटा लागला तर अँटीड्रिपचा (आत थेंब टपकू नयेत म्हणून कागदाला असलेल्या गुणाचा) काही उपयोग नाही आणि थेंब सरळ फुलांवर पडतात. कागदाच्या कोपऱ्यात एक बटाटा गुंडाळून त्यावर दोर बांधा, गाठ निसटत नाही आणि भोकही पडत नाही. दोर कमानीवरून पलीकडे टाकून सावकाश ओढा. आधी वाऱ्याकडची बाजू मधोमध स्प्रिंगने अडकवा, मग समोरची, मग मधून टोकांकडे सरकत जा. स्प्रिंग अंगठ्याने बसवा, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की कागदाला भोक पडलंच समजा.

वर चढणाऱ्याच्या कमरेला सेफ्टी बेल्ट हवाच, आणि लोखंडी शिडी हलवताना वरच्या विजेच्या तारेकडे लक्ष ठेवा.

ताण किती द्यायचा? हाताने दाबला तर जरासा लवला पाहिजे पण सुरकुती नको. पहिल्यांदा आम्ही एप्रिलच्या भर दुपारी ताणून बसवला होता. उन्हात कागद सैलावलेला असतो, आम्हाला वाटलं अजून ओढा, अजून ओढा, आणि जानेवारीच्या थंडीत तो आकसला आणि पहाटे कोपऱ्यातून फर्रकन फाटला. दीड महिन्याची फुलं गेली.

आठवड्याभराने भर दुपारी सगळ्या स्प्रिंगा परत तपासा, सैल वाटेल तिथे कोवळ्या उन्हात पुन्हा बसवा. छोटी चीर दिसली तर त्याच दिवशी आतून-बाहेरून यूव्ही टेप मारा. गंधकाची फवारणी किंवा धुरी जपून करा, गंधक कागदातलं यूव्ही संरक्षण खातं आणि तीन वर्षांचा कागद दोन वर्षांत जातो. जुना कागद जाळू नका, चांगले तुकडे खताच्या ढिगावर झाकायला ठेवा आणि बाकीचा भंगारवाल्याला द्या.